ऊब, श्वास आणि वेळ : बर्फातली पहिली डोंगरवाट

वाळूजजवळच्या बजाजनगरातल्या माणसाला बर्फ दोनच ठिकाणी भेटतो. एक उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवर, आणि दुसरा गारपिटीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती इथल्या शेतकऱ्यांच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभरा मातीत गेला, मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या. वाळूजच्या कारखान्यांत काम करणारे आपण बहुतेक जण अशाच घरांतून आलो आहोत. त्यामुळे आभाळातून पडणारा बर्फ म्हटलं, की आपल्या कानात आधी पत्र्यावरचा तडतडाट घुमतो.

म्हणूनच मी पहिल्यांदा डोंगरावर हिमवर्षाव पाहिला तेव्हा सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. आवाज अजिबात नव्हता. देवदारांवर, वाटेवर, आमच्या टोप्यांवर पांढरी भुकटी उतरत होती, आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येत होता. गंमत अशी, की या दोन्ही गोष्टींमागे बऱ्याचदा एकच कारण असतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला धडकतात तेव्हा तिथे बर्फ पडतो. त्यांचा पट्टा दक्षिणेकडे उतरला आणि त्याला समुद्रावरचं बाष्प मिळालं, की गंगापूर-वैजापूरच्या शिवारात अवकाळी पाऊस आणि गारा येतात. म्हणजे बर्फाचा हा मुलूख आपल्याला वाटतो तेवढा परका नाही.

तरीही तिथे चालायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेला माणूसही पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतो तेव्हा नवशिकाच असतो. या प्रकरणात त्या पहिल्या चालीची तयारी पाहायची आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : बर्फातल्या चालीत ताकदीपेक्षा हिशोब महत्त्वाचा. ऊब, श्वास आणि वेळ या तीन शिलका ज्याला सांभाळता येतात, तो वर जातो आणि सुखरूप खाली येतो.

कुठे जायचं?

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं छापून येतात, पण ते दहिवर. चालण्याजोगा बर्फ हवा असेल तर हिमालय गाठावा लागतो. नवशिक्या मराठी ट्रेकरच्या तोंडी यासाठी जे नाव सगळ्यात जास्त येतं ते केदारकंठ. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात असलेल्या या शिखराची उंची साधारण ३८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट आहे. पायथ्याचं गाव सांकरी. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत इथे सहसा बर्फ मिळतो, वाट बरीचशी जंगलातून जाते, आणि माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग ही शिखरं समोर दिसतात.

आपल्याकडून जायचं तर सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून डेहराडून, आणि पुढे मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी असा जवळपास दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता. हा रस्ता अख्खा दिवस खातो. रजेचा अर्ज भरताना जाण्या-येण्याचे दिवस वेगळे धरा, आणि त्यात एक दिवस राखीव ठेवा. डोंगरात बर्फ पडून रस्ता बंद होतो तेव्हा सोमवारच्या पहिल्या पाळीची घाई माणसाला चुकीचे निर्णय घ्यायला लावते.

उंचीचा अंदाज यावा म्हणून एक तुलना सांगतो. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. सांकरी हे गावच सुमारे १९०० मीटरवर वसलेलं आहे. आपण ज्याला माथा म्हणतो, त्याहून वर तिथल्या माणसांची घरं, शेतं आणि गोठे आहेत, आणि आपली चाल तिथून सुरू होते.

ऊब : रोजचा जमाखर्च

उंची वाढते तसं तापमान उतरतं. ढोबळ हिशोब दर हजार मीटरला साडेसहा अंशांचा. बजाजनगर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर आहे. इथे जानेवारीतल्या पहाटे १२ अंश असले आणि नुसता उंचीचा फरक धरला, तरी ३८०० मीटरवर पारा शून्याखाली ९ अंशांवर जातो. त्यात उत्तरेकडचा हिवाळा आणि वारा मिळवायचा. हवा उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० अंशांसारखी झोंबते.

या थंडीत शरीराचं काम एकच असतं, आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकवणं. जमेची बाजू दोन गोष्टींची, अन्न आणि हालचाल. खर्चाच्या वाटा शाळेत विज्ञानात शिकलो त्याच : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. बर्फावर बसलात की वहनाने ऊब जाते. वारा अंगाभोवतीची गरम हवा पळवतो, ते अभिसरण. उघडं डोकं, चेहरा, हात यांतून प्रारण चालू असतं. आणि घाम वाळताना बाष्पीभवन होतं.

नवशिक्याचा घात यातल्या घामाने होतो, थंडीने नव्हे. सकाळी तंबूतून निघताना गारठा असतो म्हणून माणूस सगळं अंगावर चढवतो. वीस मिनिटांच्या चढणीनंतर आतला कपडा भिजतो. पुढे विश्रांतीला थांबलं, वारा आला, की तो ओला कपडा अंगातली ऊब शोषायला लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून जुने गाइड सांगतात, की निघताना थोडी हुडहुडी भरलेलीच बरी. दहा मिनिटांत अंग तापतं. गरम व्हायला लागलं की थांबून एक थर काढायचा आणि थांबताक्षणी तो पुन्हा चढवायचा. दिवसातून आठ-दहा वेळा हे करावं लागतं. त्याचा कंटाळा केला तर चालत नाही.

तीन थर आणि एक बूट

कपड्यांचे तीन थर हवेत. अंगालगतचा थर घाम बाहेर टाकणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. मधला थर हवा कोंडून धरणारा, म्हणजे फ्लीस किंवा स्वेटर, आणि मुक्कामासाठी पिसांचं जॅकेट. बाहेरचा थर वारा आणि ओल अडवणारा. उबेचं खरं काम कोंडलेली हवा करते. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ थर जास्त ऊब देतात, आणि गरजेप्रमाणे कमी-जास्तही करता येतात.

सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा. आपल्या उन्हाळ्यात सुती कपडा वरदान आहे, कारण तो घाम धरून ठेवतो आणि अंग गार करतो. बर्फात नेमका तोच गुण जिवावर येतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरात मजबूत सेफ्टी शूज आहेत, तेच चालतील, असा विचार मीही केला होता. चालत नाहीत. ते बर्फातल्या थंडीसाठी बनवलेले नसतात. शिवाय ते जड असतात आणि घोट्याजवळून बर्फ आत शिरतो. ट्रेकिंगचे पाणी न शिरणारे, घोटा झाकणारे बूट घ्या. जाड मोज्यासह घालून पाहा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून एकावर एक तीन मोजे कोंबले, तर बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. नवे बूट निघण्याआधी महिनाभर पायात असावेत.

बुटावरून गुडघ्यापर्यंत चढवायचे गेटर बर्फ आत जाऊ देत नाहीत. बुटाच्या तळाला ताणून बसवायचे साखळीचे दातेरी पट्टे, म्हणजे मायक्रोस्पाइक, कडक बर्फावर पकड देतात. हे दोन्ही सांकरीत भाड्याने मिळतं. हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा, एक पातळ आणि तिच्यावर दुसरी जाड. एक जोडी भिजणारच. कान झाकणारी लोकरी टोपी हवी. आपली जुनी माकडटोपीही उत्तम काम करते.

बर्फावर चालायचं कसं?

बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे त्यावर द्रवासारखा एक अतिशय पातळ थर असतो. घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. घसरण होते ती यामुळे. शॉपवर ऑइल सांडलेल्या फरशीवरून आपण कसे चालतो ते आठवा. पाऊल छोटं, तळवा सपाट, वजन सरळ पायावर आणि हात मोकळे. कडक बर्फावर नेमकं तसंच चालायचं. खिशात हात घालून कधीही चालू नका.

बर्फाची रूपं मात्र अनेक असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर चढताना बुटाचं टोक दोनदा-तीनदा उतारात मारून पायरी करायची, तिच्यावर वजन टाकून पाहायचं, मग उठायचं. पुढच्याने केलेल्या पायऱ्या मोडू नका, त्यांतच पाऊल ठेवा. पहिला चालणारा सगळ्यात जास्त दमतो, म्हणून रांगेत आळीपाळीने पुढे जायचं. वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ बर्फ असेल तर पाय अचानक मांडीपर्यंत आत जातो. अशा वेळी हिसका देऊन पाय उपटू नका, गुडघा मुरगळतो. काठीवर भार देऊन, आजूबाजूचा बर्फ मोकळा करून पाय सावकाश काढायचा.

उतरताना सगळे नवशिके मागे रेलतात, आणि तिथेच घसरतात. मऊ बर्फात उतरताना टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे आणि अंगाचा भार पायांच्या बरोबर वर आणायचा. भीती मागे ओढते, म्हणून हे पहिल्याच दिवशी सपाटीवर आणि छोट्या उतारावर तासभर घोटून घ्या. घसरलातच तर पोटावर वळा, पाय फाकवा, बुटाची टोकं आणि कोपरं बर्फात रुतवा. मायक्रोस्पाइक पायात असतील तर मात्र टोकं रुतवू नका. दात अडकले की घोटा मोडू शकतो. तेव्हा गुडघे आणि हात वापरायचे.

शिखराची चाल पहाटे अंधारात सुरू होते. रात्रभर गोठलेला बर्फ कडक असतो आणि पायाला धरतो. ऊन चढलं की तोच बर्फ मऊ होतो, पाय रुततात, आणि तीव्र उतारांवरून बर्फ सुटण्याचा धोका वाढतो. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. एखादा उतार ओलांडायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक गाइडचा आहे. त्याने नाही म्हटलं, की विषय संपला.

श्वास : विरळ हवेतला हिशोब

वर गेल्यावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेवढंच, २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे केदारकंठाच्या माथ्यावर एका श्वासात बजाजनगरच्या तुलनेत जवळपास दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर हे तुटीचं काम शिकून घेतं. श्वास वाढतो, हृदय जोरात चालतं, पुढे रक्तातही बदल होतात. पण त्याला दिवस लागतात, आणि तो वेळ देण्यातच शहाणपण आहे.

साधारण २५०० मीटरच्या वर झोपल्यावर काहींना उंचीचा त्रास सुरू होतो : डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, झोप न लागणं. तो कुणाला होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज व्यायाम करणाऱ्या तरुणाला होतो आणि पन्नाशीच्या माणसाला होत नाही, असंही घडतं. उलट तरुणाला धोका जास्त, कारण तो भरभर चढतो.

डोंगरातला मान्य नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. केदारकंठाच्या नेहमीच्या आराखड्यात पहिला मुक्काम जुडा का तालाबजवळ, सुमारे २७०० मीटरवर असतो आणि दुसरा बेस कॅम्पला, सुमारे ३४०० मीटरवर. म्हणजे उडी थोडी मोठीच आहे. म्हणून माझा आग्रह असा, की एक जादा मुक्काम असलेला कार्यक्रम निवडा. सांकरीत एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी गावाजवळच हिंडा, मग वर निघा. त्या एका दिवसाचे पैसे वाया जात नाहीत.

डोकं दुखलं तर लपवू नका. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, या संकोचाने माणसं गप्प बसतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. त्रास सुरू झाला की आणखी वर जायचं नाही. वाढला तर त्याच वेळी खाली उतरायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकल्यातून फेस येणं हे फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण. तोल जाणं, बरळणं, सरळ रेषेत चालता न येणं हे मेंदूला सूज आल्याचं. दोन्हींत जीव जाऊ शकतो, आणि दोन्हींवर पहिला उपाय खाली उतरणं हाच आहे. या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाब, दमा, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर तपासणी झाल्याशिवाय तिकीट काढू नका.

पाणी, शिदोरी आणि रात्र

थंडीत तहान लागत नाही, पण पाणी मात्र जातच असतं. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर पडते, आणि गारठ्याने लघवीही जास्त होते. दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, त्यातलं शक्य तेवढं कोमट. बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं.

तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात, आणि झालेलं पाणी अंगाच्या तापमानाला आणायला आणखी ३७. एक लिटर पाण्याएवढा बर्फ खाल्ला तर शरीराचे सुमारे ११७ किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे साधारण एका चपातीतून मिळणारी ऊर्जा. थंडीशी झगडणाऱ्या शरीराकडून ती फुकट काढून घ्यायची नसते.

खाण्यात आपल्या घरचा डबा हिमालयातही खरा उतरतो. गूळ-शेंगदाणे, चिक्की, डिंकाचे लाडू, तिळाचे लाडू, खजूर. गुळातून लगेच ऊर्जा मिळते आणि दाण्यांतून सावकाश, म्हणून ही जोडी चांगली. संक्रांतीच्या दिवसांत आपली आजी जे हातावर ठेवायची, त्यामागे थंडीचंच शास्त्र होतं. खाऊ आतल्या खिशात ठेवा, बाहेर राहिला तर दगडासारखा होतो. दर तासाला थोडं खा. दारू पूर्ण टाळा. तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्याचा भास होतो आणि आतली ऊब निघून जाते. सिगारेटने उलट होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं लवकर बधिर होतात.

रात्री झोपण्याचे मोजे वेगळे आणि कोरडे ठेवा. ओले मोजे बदलल्याशिवाय स्लीपिंग बॅगमध्ये शिरू नका. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. मोबाइल आणि बॅटरीचा दिवाही आत घ्या, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. लघवी लागली तर कितीही कंटाळा आला तरी उठून जाऊन या, दाबून धरली तर रात्रभर झोप लागत नाही. आणि तंबूच्या आत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डोळे आणि बोटं

ताजा बर्फ त्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. वर उन्हाळ्यासारखं ऊन नसलं तरी हे किरण खालूनही डोळ्यांत शिरतात. शिवाय दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. काही तास काळ्या चष्म्याशिवाय चाललात, तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. याला हिमांधता म्हणतात. अतिनील किरण अडवणारा आणि बाजूंनीही झाकणारा चष्मा ढगाळ दिवशीही लावा. सनस्क्रीन नाकाखाली, हनुवटीखाली आणि कानामागेही लावा.

मी पहिल्या वेळी माथ्यावर छायाचित्रं काढायला हातमोजे काढले आणि पाच मिनिटं तसाच राहिलो. खाली उतरताना जॅकेटची चेन ओढता येईना. बोटं पांढरी पडली होती आणि लाकडासारखी लागत होती. सोबतच्या गाइडने माझे हात स्वतःच्या जॅकेटमध्ये काखेखाली घेतले आणि मिनिटभर काहीच बोलला नाही. मुंग्या येऊन बोटं दुखायला लागली तेव्हा म्हणाला, "दुखतंय ना? मग ठीक आहे." तो खरंच सांगत होता. दुखणं म्हणजे रक्त परत आलं होतं. बधिर बोटं बर्फाने चोळायची नसतात आणि शेकोटीवरही धरायची नसतात. संवेदना नसलेली कातडी भाजली तरी कळत नाही.

जॅकेटची चेन ही एक सोपी परीक्षा आहे. सोबत्याला चेन लावता येत नसेल, पाय अडखळत असतील, बोलणं जड झालं असेल, तर त्याच्या शरीराचं तापमान उतरतंय असं समजा. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. आधी जोरात कुडकुडणं येतं, आणि पुढे ते थांबतं. ते थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं मुळीच नाही. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला, जमिनीपासून वेगळं करा, गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड आणि गरम प्यायला द्या. अशा माणसाला आपण थंडीने काकडतोय हे स्वतःला कळत नाही. म्हणून जोड्या करून चालायचं आणि दर तासाला एकमेकांचा चेहरा पाहायचा.

तयारी घराजवळची

बजाजनगरातून देवगिरीचा किल्ला जवळ आहे. त्याचा डोंगर आजूबाजूच्या मैदानापासून सुमारे दोनशे मीटर उठलेला आहे. सांकरीपासून केदारकंठाच्या माथ्यापर्यंतची चढाई साधारण १९०० मीटर, म्हणजे देवगिरी नऊ-दहा वेळा, तीही दोन-तीन दिवसांत. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाच किलोमीटर चाला किंवा सावकाश पळा. गोगाबाबा टेकडी आठवड्याला एकदा, मग पाठीवर आठ किलोचं ओझं घेऊन, मग सलग दोनदा. महिनाभराने देवगिरी ओझ्यासह, आणि जाण्यापूर्वी एकदा कळसूबाई. उतरण्याचा सराव विसरू नका. चढताना दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे दुखतात ते उतरताना. रात्रपाळी असलेल्यांनी सरावाआधी झोप भरून काढावी. अर्धवट झोपेत केलेला व्यायाम अंगी लागत नाही.

ज्यांना पुढे खरं गिर्यारोहण शिकायचं आहे, त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आहे. तिथल्या पायाभूत अभ्यासक्रमात बर्फावर चालणं, घसरल्यावर थांबणं, दोर बांधणं हे सगळं शिस्तीने शिकवतात.

वेळ : परत फिरण्याची घटका

तिसरी शिलक वेळेची. जानेवारीत तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तो डोंगराआड गेला की पारा धाडकन उतरतो. म्हणून निघण्याआधीच परत फिरण्याची वेळ ठरवायची. समजा अकरा ठरली. अकराला माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी वळायचं. ही वेळ रात्री तंबूत, डोकं शांत असताना ठरवायची, कारण शिखर डोळ्यांसमोर आलं की माणसाचा हिशोब सुटतो.

यात कमीपणा वाटत असेल तर आपल्याच शहराकडे पाहा. तेव्हाच्या औरंगाबाद पोलीस दलातले रफिक शेख २०१६ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, पण त्याआधीचे त्यांचे प्रयत्न डोंगरावरच्या आपत्तींमुळे अर्ध्यावर राहिले होते. याच शहरातल्या प्राध्यापिका मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचा माथा अगदी जवळ आलेला असताना खराब हवामानामुळे परतल्या. पुढच्याच वर्षी त्या पुन्हा गेल्या आणि शिखरावर उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये वळल्या म्हणून २०१८ त्यांच्या वाट्याला आलं.

हिशोब चुकला तर काय होतं, तेही सांगायला हवं. जून २०२४ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातल्या लोकांचा २२ जणांचा गट हिमवादळात सापडला. ९ जण दगावले. वर्षातला महिना कोणताही असो, चार हजार मीटरच्या वर वारा, ओल आणि उशीर एकत्र आले की शरीरातली ऊब काही तासांत संपते.

वाळूजच्या प्रत्येक कारखान्याच्या दारात सुरक्षेची पाटी असते. आपण रोज तिच्याखालून आत जातो. अपघात एका मोठ्या चुकीने क्वचितच होतो, छोट्या-छोट्या हलगर्जीपणाची साखळी त्यामागे असते, हे इथल्या कामगाराला शिकवावं लागत नाही. भिजलेला मोजा, लपवलेली डोकेदुखी, न प्यालेलं पाणी, अर्ध्या तासाचा उशीर : बर्फातली साखळी याच कड्यांची असते. त्यातली पहिली कडी तोडण्याची सवय तुम्हाला आधीपासून आहे. ती सोबत घेऊन निघा. या थंडीत निघणार असाल तर आजच बूट पायात चढवा आणि उद्या पहाटे गोगाबाबाच्या टेकडीवर जाऊन या. आणि सांकरीहून निघताना घरी एवढं सांगून ठेवा, की माथा मिळाला की नाही हे विचारू नका, सगळे खाली आलो का, ते विचारा.